विमानतळाच्या आवाजाचा नकाशा: ती रेषा येते कुठून?

समध्वनी

धावपट्टी विस्ताराच्या धाग्यावर या विषयाला फारच फाटे फुटले, म्हणून हा वेगळा धागा. तिथे दोन समज पुन्हा पुन्हा डोकावत होते. पहिला, नकाशावरच्या ५५, ६०, ६५ डेसिबेलच्या रेषा जागोजागी मायक्रोफोन लावून मोजलेल्या असतात. दुसरा, रेषेच्या आत गोंगाट आणि बाहेर शांतता.

रेषा मोजत नाहीत, गणिताने काढतात. त्याला साधी कारणं आहेत. वर्षभराची सरासरी हवी, तीही हजारो बिंदूंवर. प्रत्येक बिंदूवर रस्त्याचा, पावसाचा, कुत्र्यांचा आवाज मिसळलेला असतो. आणि जी धावपट्टी अजून बांधलेलीच नाही तिचा आवाज मोजणार कसा?

रीत अशी. विमानतळाभोवती बिंदूंची जाळी टाकायची. प्रत्येक प्रकारच्या विमानाचा जमिनीवरचा मार्ग आणि त्या मार्गावरची उंची, वेग, इंजिनाचा थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) ठरवायचा. हा मार्ग छोट्या सरळ तुकड्यांत तोडायचा. प्रत्येक तुकड्याचा आवाज प्रत्येक बिंदूवर किती पोचतो ते काढून सगळ्यांची ऊर्जा बेरीज करायची. मग ही बेरीज वर्षातल्या उड्डाणांच्या संख्येने आणि वेळेच्या भारांकाने वाढवायची. शेवटी समान आकड्यांचे बिंदू जोडले की रेषा तयार. भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषांसारखंच.

युरोपात ही पद्धत ईसीएसी या युरोपीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या 'डॉक २९' या दस्तऐवजात लिहिलेली आहे (चौथी आवृत्ती, २०१६). इकाओ या जागतिक नागरी विमान वाहतूक संघटनेचा 'डॉक ९९११' त्याच वळणाचा. अमेरिकेत १९७८ पासून आयएनएम नावाची संगणक प्रणाली होती. २०१५ मध्ये तिच्या जागी एईडीटी आली. आतलं गणित बहुतांशी एकच आहे. म्हणून दोन सल्लागारांच्या नकाशांत मोठा फरक दिसला तर प्रणाली कुठली होती हे शेवटी बघावं. आधी त्यांनी आत काय भरलं ते बघावं.

लॉगटेबल

चांगला धागा. गणिताच्या पोटात काय आहे ते थोडं सांगतो.

सगळ्याचा पाया म्हणजे एनपीडी तक्ते: आवाज, थ्रस्ट आणि अंतर. प्रत्येक विमान-इंजिन जोडीसाठी निर्माते प्रमाणन चाचण्यांच्या आधारे हे देतात आणि ते एएनपी नावाच्या माहितीसाठ्यात असतात. अंतरं ठरलेली दहा: २००, ४००, ६३०, १०००, २०००, ४०००, ६३००, १००००, १६००० आणि २५००० फूट. थ्रस्टचे काही मोजके आकडे, टेकऑफचे वेगळे आणि लँडिंगचे वेगळे.

मधला आकडा हवा असेल तर थ्रस्टच्या दिशेने सरळ रेषेत आणि अंतराच्या दिशेने लॉगरिदमने काढायचा. स्वतःची तक्तेवही (स्प्रेडशीट) करणारे इथेच घसरतात. नमुन्यादाखल धरा, २००० फुटांवर ९० आणि ४००० फुटांवर ८३.५ डेसिबेल आहेत. ३००० फुटांवर सरळ मध्य काढला तर ८६.७५ येतात. लॉगने काढले तर ८६.२. अर्ध्या डेसिबेलची चूक किरकोळ वाटते, पण रेषेवर ती चांगलीच दिसते. एका डेसिबेलने रेषेच्या आतलं क्षेत्रफळ साधारण १५ ते २० टक्के बदलतं.

तक्त्यातला आकडा विमान १६० नॉट वेगाने, सरळ आणि अनंत लांबीच्या मार्गावर जातंय असं धरून दिलेला असतो. प्रत्यक्षात तसं नसतं, म्हणून दुरुस्त्या कराव्या लागतात. वेगाची दुरुस्ती १० लॉग (१६० ÷ प्रत्यक्ष वेग). विमान हळू गेलं तर आवाज जास्त वेळ कानावर पडतो, म्हणून ८० नॉटला ३ डेसिबेल वाढतात. ही दुरुस्ती फक्त एकूण ऊर्जेच्या आकड्याला, कमाल आवाजाला नाही. दोन्हीला लावलेली आढळते, म्हणून मुद्दाम लिहिलं. शिवाय तुकडा अनंत लांबीचा नसल्याने त्याच्या वाट्याला ऊर्जेचा किती हिस्सा येतो त्याचीही दुरुस्ती असते. तापमान आणि हवेच्या दाबाचीही असते, पण समुद्रसपाटीला प्रमाण हवामानात ती जेमतेम ०.०७ डेसिबेल.

कानोसा

एकूण ऊर्जेचा आकडा म्हणजे एसईएल ना? तो आणि नकाशावरचा ५५ यांचा संबंध कसा लावायचा? एका विमानाचा एसईएल ८५ असेल तर नकाशावर ५५ कसे दिसतात, हा प्रश्न त्या धाग्यावर तीन जणांनी विचारला होता.

आकडेमोड

हो, एसईएल. विमान जवळ येऊन लांब जाईपर्यंतची सगळी ध्वनिऊर्जा एका सेकंदात कोंबली तर जो आकडा येईल तो. म्हणूनच तो कमाल आवाजापेक्षा मोठा दिसतो.

आता सरासरी. दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्याचा १० लॉग ४९.४. समजा एका बिंदूवर प्रत्येक विमानाचा एसईएल ८५ आणि दिवसात १०० विमानं. १०० चा १० लॉग २०. ८५ + २० − ४९.४ = ५५.६. झाले तुमचे ५५.

आता रात्रीची दहा विमानं वाढवा. डीएनएल (अमेरिकेचं) आणि एलडेन (युरोपचं) या दिवसभराच्या सरासरी आवाजाच्या दोन्ही मापांत रात्रीच्या विमानाला १० डेसिबेलचा दंड आहे, म्हणजे एक विमान दहा विमानांइतकं मोजायचं. १०० + (१० × १०) = २००, त्याचा १० लॉग २३. ८५ + २३ − ४९.४ = ५८.६. विमानं दहा टक्के वाढली, आकडा ३ डेसिबेल वाढला. दिवसाची विमानं दुप्पट केली असती तरी एवढंच झालं असतं. रात्रीच्या उड्डाणांवरून एवढं रण का माजतं ते इथे कळतं.

एलडेनमध्ये संध्याकाळलाही ५ डेसिबेलचा दंड असतो, म्हणजे एक विमान ३.१६ विमानांइतकं. युरोपीय संघाच्या आवाजविषयक निर्देशात दिवस १२ तास, संध्याकाळ ४, रात्र ८. अमेरिकेच्या डीएनएलमध्ये संध्याकाळ नाही, रात्र २२ ते ७.

यातली सगळ्यात हमखास चूक फार साधी आहे. उड्डाणांच्या नोंदी जागतिक वेळेत असतात आणि कुणीतरी त्या स्थानिक वेळेत न बदलताच रात्रीच्या खणात टाकतं. सकाळची गर्दी रात्रीत गेली तर रेषा फुगते, रात्रीची मालवाहू विमानं दिवसात गेली तर आकसते. तसंच वेळापत्रकातली वेळ धरू नका, धावपट्टीवरची धरा. रात्र २३ ला सुरू होत असेल आणि २२:५० ला ठरलेलं विमान २३:२० ला सुटलं, तर ते रात्रीचंच.

त्रिज्या

वर एक दुरुस्ती राहिली आणि बाजूला राहणाऱ्यांसाठी तीच सगळ्यात मोठी आहे: पार्श्व क्षीणन. डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा आवाज आणि तेवढ्याच अंतरावर बाजूला, क्षितिजालगत असलेल्या विमानाचा आवाज सारखा नसतो. दुसऱ्याचा आवाज मऊ जमिनीला घासत येतो आणि वाटेत विरतो.

डॉक २९ मधलं सूत्र, आडवं अंतर ९१४ मीटरपेक्षा जास्त असेल तेव्हा: १.१३७ − ०.०२२९ β + ९.७२ × ई^(−०.१४२ β). इथे β म्हणजे बिंदूपासून विमानाकडे बघताना होणारा चढाचा कोन, अंशांत. सोडवून बघा. ० अंशाला १०.९ डेसिबेल वजा, ५ ला ५.८, १५ ला जवळपास २, ३० ला ०.६ आणि ५० च्या वर शून्य. ९१४ मीटरच्या आत हे अंतराप्रमाणे आणखी कमी होतं.

म्हणजे धावपट्टीच्या बाजूला, विमान अजून जमिनीवरच असताना, सूत्र जवळजवळ ११ डेसिबेल कापून टाकतं. ते मऊ, गवताळ जमिनीचं सूत्र आहे. मध्ये खाडी, तळं किंवा सपाट काँक्रीट असेल तर एवढी कपात मिळत नाही आणि तिथे नकाशा कमी आवाज दाखवतो. पाण्यापलीकडच्या वस्तीने हा प्रश्न अहवालाच्या सुनावणीत जरूर विचारावा.

याशिवाय इंजिनं पंखाखाली आहेत की शेपटीकडे, याची वेगळी दुरुस्ती असते. वळताना विमान कलतं, तेव्हा तो कोनही बदलतो.

पिछाडीचा_वारा

सूत्रं ठीक आहेत, पण इथे जरा वाद घालतो. नकाशा चुकतो तो क्वचितच सूत्रामुळे. तो चुकतो आत भरलेल्या माहितीमुळे.

पहिली गोष्ट वजन. विमान कंपन्या टेकऑफचं वजन सांगत नाहीत. मग 'स्टेज लेंग्थ' वापरतात: मुक्काम ५०० सागरी मैलांच्या आत असेल तर पहिला गट, १००० पर्यंत दुसरा, १५०० पर्यंत तिसरा, २५०० पर्यंत चौथा, असे पुढे. प्रत्येक गटाला एक ठरीव वजन. यात पोटात सुमारे ६५ टक्के भार धरलेला असतो. प्रत्यक्षात विमान खच्चून भरलेलं असेल किंवा परतीचं इंधनही घेऊन निघालं असेल तर ते जड असतं, हळू चढतं आणि आवाज लांबवर जमिनीजवळ राहतो.

दुसरी थ्रस्ट. तयार प्रोफाइल (उंची, वेग, थ्रस्ट यांचा साचा) बहुतेक वेळा पूर्ण थ्रस्टची असते. वैमानिक मात्र धावपट्टी पुरेशी लांब असेल तर इंजिन वाचवायला कमी थ्रस्टने उडतात. ही कपात पूर्ण थ्रस्टच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे धावपट्टीजवळ आवाज नकाशापेक्षा कमी, पण चढण मंद झाल्याने लांबच्या गावात उंची कमी. एकाच चुकीचे दोन उलटे परिणाम. म्हणून 'नकाशा सगळीकडे आवाज जास्त दाखवतो, म्हणजे तो सावधच आहे' हा युक्तिवाद ऐकून घेऊ नका.

तिसरी, चढण्याची पद्धत. आवाज कमी करायला एनएडीपी १ आणि २ अशा दोन ठरीव पद्धती आहेत. एनएडीपी १ मध्ये विमान ३००० फुटांपर्यंत वेग न वाढवता उंची घेतं; फायदा विमानतळाजवळच्यांना. एनएडीपी २ मध्ये लवकर वेग घेऊन फ्लॅप (पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्या) आत घेतात. त्याचा फायदा लांबच्यांना. अहवालात एक धरली आणि वैमानिक दुसरी उडवत असतील, तर रेषेचा आकारच बदलतो.

चौथी, मार्गांचा फैलाव. सगळी विमानं एका रेघेवरून उडत नाहीत. माहिती नसेल तर डॉक २९ एक मुख्य आणि सहा उपमार्ग सुचवतं: मधल्यावर २८.२ टक्के, दोन्ही बाजूंना क्रमाने २२.२, १०.६ आणि ३.१ टक्के. उपग्रहाधारित मार्ग आल्यावर विमानं खरोखरच एका रेघेवर येतात. तिथे जुना फैलाव ठेवला तर रेघेखालच्या लोकांचा आवाज कागदावर शेजाऱ्यांत वाटला जातो.

लॉगटेबल

@पिछाडीचा_वारा, मान्य. म्हणूनच आता तयार प्रोफाइलऐवजी रडार किंवा एडीएस-बीचे (विमान स्वतःच प्रसारित करतं त्या जागेच्या नोंदींचे) खरे मार्ग घेतात. पण त्यातही एक खड्डा आहे आणि बरेच जण त्यात पडतात.

एडीएस-बीमधली नेहमीची उंची ही दाबाची उंची असते, १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून. त्या दिवशी समुद्रसपाटीचा दाब ९९८ असेल तर १५ हेक्टोपास्कलचा फरक पडला. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ फूट, म्हणजे विमान नोंदीपेक्षा ४०० फूट खाली आहे. ३ अंशाच्या उतारावर उतरणारं विमान धावपट्टीपासून ५ सागरी मैलांवर १६०० फुटांच्या आसपास असतं. तुमची नोंद त्याला २००० फुटांवर दाखवेल. आवाजात सुमारे २ डेसिबेलची चूक, आणि पावसाळी, कमी दाबाच्या दिवसांत ती रोज एकाच दिशेने. दर अर्ध्या तासाच्या हवामान नोंदीतला क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला दाब) लावून दुरुस्त करा. शिवाय उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. धावपट्टीची उंची वजा करायला विसरू नका.

वेगही जमिनीवरचा मिळतो, हवेतला नाही. आवाजाच्या कालावधीसाठी जमिनीवरचाच हवा, पण थ्रस्ट काढायला हवेतला लागतो. दोन्ही ठिकाणी एकच आकडा वापरला की समोरच्या वाऱ्याच्या दिवशी थ्रस्ट चुकतो.

कानोसा

मग इतके मायक्रोफोन लावून ठेवलेत ते कशाला? विमानतळाच्या संकेतस्थळावर तर रोजचे आकडे येतात.

समध्वनी

गणित ताळ्यावर ठेवायला. आयएसओ २०९०६ हे त्यासाठीचं मानक आहे. मायक्रोफोनचं मोजणी केंद्र विमानाची घटना ओळखतं ती आवाजाच्या उंबरठ्यावरून: आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला, ठरावीक सेकंद टिकला आणि त्याच वेळी रडारवर विमान जवळ होतं. एसईएल नीट काढायचा तर कमाल आवाज आजूबाजूच्या आवाजापेक्षा निदान १५ डेसिबेल वर हवा. शहरात शांत विमानांच्या बाबतीत हे जमत नाही. केंद्र फक्त मोठ्या आवाजाची विमानं पकडतं, बारीक सुटतात आणि सरासरी एसईएल फुगलेला येतो. नकाशापेक्षा मोजमाप जास्त आलं की आधी बघायचं, किती टक्के विमानं पकडली गेली.

सरासरीही ऊर्जेची घ्यायची. ९० आणि ७० यांची सरासरी ८० नव्हे, ८७. अहवालात साधी सरासरी दिसली तर तो तिथेच मिटवून ठेवा.

आणि मोजमापाशी जुळवायला घाईने एनपीडी तक्ता हलवू नका. आधी उंची, मग वेग, मग थ्रस्ट तपासा. उंचीची चूक तक्त्यात ढकलून लपवली तर त्या एका केंद्रावर आकडे जुळतात आणि इतर सगळीकडे बिघडतात. सगळ्या बाजू खऱ्या नोंदींशी जुळल्या आणि तरीही एकाच प्रकारच्या विमानाचा फरक सगळ्या केंद्रांवर एकाच दिशेने उरला, तरच तक्त्याला हात लावावा.

आकडेमोड

सरासरीवरून एक मुद्दा. वाऱ्यानुसार धावपट्टीची दिशा बदलते. वर्षातले ७० टक्के दिवस विमानं पूर्वेकडे आणि ३० टक्के दिवस पश्चिमेकडे उडत असतील, तर पश्चिमेच्या वस्तीला नकाशावर ५५ दिसतात, पण ज्या दिवशी विमानं त्यांच्यावरून जातात त्या दिवशी ६०.२. उरलेले दिवस जवळजवळ काहीच नाही. माणूस सरासरी ऐकत नाही, त्या दिवसाची विमानं ऐकतो.

म्हणून सोबत एन७० सारखा नकाशा मागावा: कमाल आवाज ७० डेसिबेलच्या वर गेला अशी विमानं दिवसात किती. ऑस्ट्रेलियात या मापाला चांगलं स्थान मिळालं. ७० का? उघड्या खिडकीने सुमारे १० डेसिबेल कमी होतात, आत ६० उरतात आणि तिथे बोलणं अडतं. 'दिवसात ४० वेळा बोलणं थांबेल' हे कुणालाही कळतं, एलडेन कळत नाही.

मात्र एन७० चा एक दोष लक्षात ठेवा. ६९.९ चं विमान शून्य आणि ७०.१ चं विमान एक. उंचीत थोडी चूक झाली तरी आकडा धाडकन बदलतो. एलडेन त्या मानाने भक्कम आहे.

कानोसा

आणि ५५ किंवा ६५ हीच रेषा का?

समध्वनी

ती धोरणाची रेषा आहे, निसर्गाची नाही. अमेरिकेत डीएनएल ६५. युरोपीय निर्देशानुसार वर्षाला ५० हजारांहून जास्त उड्डाणं-लँडिंग असलेल्या विमानतळांनी एलडेन ५५ आणि रात्रीचे ५० यांच्यापासून वरचे नकाशे दर पाच वर्षांनी द्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस विमानांसाठी एलडेन ४५, रात्री ४०. यातली खालची रेषा काढायची तर गणित लांबवर न्यावं लागतं आणि तिथे मार्गांचा फैलाव, थ्रस्ट, हवामान सगळंच जास्त धूसर. ६५ च्या रेषेइतका ४५ च्या रेषेवर विश्वास ठेवू नये.

त्रिज्या

नकाशात मुळातच नसलेल्या गोष्टी इथे नोंदवून ठेवतो. जमिनीवरून टॅक्सी करत जाणारी विमानं, उभ्या विमानाचं सहायक इंजिन, दुरुस्तीनंतरच्या इंजिन चाचण्या: डॉक २९ च्या रेषेत यातलं काही नसतं. इमारतींचा आडोसा आणि त्यांच्यावरून परतणारा आवाजही नाही. डोंगर असेल तर जमीन उंच, म्हणून विमान जवळ, एवढंच धरलं जातं; डोंगरामागची सावली नाही.

लँडिंगला आणखी एक अडचण. तक्ते थ्रस्टवर बांधलेले आहेत, पण थ्रस्ट कमी असताना चाकं आणि फ्लॅपांवरून घासणाऱ्या हवेचाच आवाज जास्त. चाकं दोन मैल आधी बाहेर काढली तर लोकांना कळतं, तक्त्याला कळत नाही. तसंच एअरबस ए३२० कुटुंबातल्या विमानांच्या पंखाखालच्या गोल झरोक्यांची ती शीळ. हवा वळवणारी छोटी पट्टी बसवून ती बंद करता येते, पण डेसिबेलच्या सरासरीत तिचा त्रास कधीच पुरता दिसला नव्हता.

पिछाडीचा_वारा

एखाद्या विमानतळाचा अहवाल हातात आला तर मी या क्रमाने वाचेन. धावपट्टीच्या दिशांची टक्केवारी एका वर्षाची आहे की बऱ्याच वर्षांची? एकाच वर्षाची असेल तर त्या वर्षाचा वारा नकाशात शिरला. मार्ग खऱ्या नोंदींवरून की कल्पित? माहितीसाठ्यात नसलेल्या विमानांना कुठलं विमान बदली म्हणून दिलं? प्रमाणनातल्या फरकाएवढी दुरुस्ती केली का? बदली विमान ३ डेसिबेलने कमी आवाजाचं असेल तर प्रत्येक उड्डाण दोनदा मोजावं लागतं. स्टेज लेंग्थची वाटणी. मग जाळी: १०० मीटरची असेल तर ठीक, फार विरळ असेल तर धावपट्टीच्या टोकाजवळच्या रेषा खऱ्या नव्हेत, संगणकाने अंदाजाने जोडलेल्या. सगळ्यात शेवटी लोकसंख्या घरांच्या पत्त्यांवरून मोजली की प्रभागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात. दुसऱ्या पद्धतीत रिकाम्या शेतातही माणसं वसवली जातात.

लॉगटेबल

यात एक भर घाला: लँडिंगचा उंबरठा, म्हणजे जिथून पुढे विमानाने टेकायचं ती धावपट्टीवरची रेषा. धावपट्टी वाढवली पण उंबरठा जुन्याच जागी ठेवला, असं पुष्कळदा असतं. टेकऑफ नव्या टोकापासून आणि लँडिंग जुन्या उंबरठ्यावर. दोन्ही एकाच बिंदूवर टाकले आणि दोहोंत ३०० मीटरचं अंतर असेल, तर ३ अंशाच्या उतारावर सगळी लँडिंग १६ मीटर खाली दाखवली जातात. टोकाजवळच्या घरांवरून विमान ३० मीटरवर जातं की ४६ मीटरवर, एवढा तो फरक.

आकडेमोड

@लॉगटेबल, म्हणजे तिथे नकाशा ३ डेसिबेलच्या आसपास जास्त दाखवेल. मूळ धाग्यावर टोकाजवळच्या घरांचे जे आकडे चिकटवले आहेत त्यांचा उंबरठा कुठे धरलाय ते त्या अहवालाच्या परिशिष्टात असायला हवं. ज्यांच्याकडे असेल त्यांनी धावपट्टीच्या दोन्ही टोकांचे आणि उंबरठ्यांचे अक्षांश-रेखांश इथे टाका, ताडून बघू.